दुसऱ्यांदा विचारेपर्यंत

"हे बघ सौमित्र, कंपनीला पहिला प्रश्न हाच विचारायचा. तुम्ही सरकारमान्य स्पॉन्सर आहात का? पगार नंतर, सुट्ट्या नंतर. हो, तोंडावर विचारायचं."

"वाईट नाही ना दिसणार ताई?" फोनच्या पलीकडे डेल्फ्टहून सौमित्र. इंजिनिअरिंगचं मास्टर्स संपत आलेलं, पहिलाच इंटरव्ह्यू.

"इथे न विचारलेलं वाईट दिसतं. लाजलास की संपलास."

संहिता बोंद्रेने फोन ठेवला आणि पुढच्या फाइलकडे वळली. द हेगमधलं वकिलांचं छोटंसं ऑफिस. माणसं चार, खिडक्या दोन, आणि खालून ट्राम गेली की कॉफीच्या कपात गोल तरंग उठायचे. काम एकच, परदेशी लोकांना या देशात राहण्याची आणि काम करण्याची परवानगी मिळवून देणं. संहिता तिथे ट्रेनी. लायडनला एलएलएम केलं, पण इथल्या कोर्टात उभं राहायचं तर डच कायद्याची पदवी हवी आणि अस्खलित डच. तिच्याकडे पहिली नव्हती आणि दुसरं बेकरीत पाव मागण्यापुरतं होतं. म्हणून ती मसुदे लिहायची, निकाल शोधायची, आणि हिंदी-मराठी बोलणाऱ्या अशिलांचे फोन घ्यायची. हे फोन दिवसेंदिवस वाढत होते.

तिचे वडील कराडच्या कोर्टात वकील. मुलीचं नाव हौसेने संहिता ठेवलेलं. "मुलगा झाला असता तर कलम ठेवलं असतं," असं तिची आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

आता हिच्या स्वतःच्या परमिटची गोष्ट. पदवीनंतर नोकरी शोधायला इथलं सरकार एक वर्ष देतं. त्याला झुकयार म्हणतात, शोधायचं वर्ष. ते वाढवून मिळत नाही. वर्ष संपायच्या आत मान्यताप्राप्त स्पॉन्सर असलेल्या मालकाने तुमच्यासाठी अर्ज करायचा, नाहीतर बॅग भरायची. संहिताचं वर्ष नोव्हेंबरात संपणार होतं. आणि ज्या ऑफिसातून ती दुनियेला स्पॉन्सर म्हणजे काय ते शिकवत होती, ते ऑफिस स्वतः स्पॉन्सर नव्हतं. कधी गरजच पडली नव्हती. आजवर तिथे सगळे डचच कामाला. दिव्याखाली अंधार.

हे बाहेर कुणाला माहीत नव्हतं. रायस्वाइकच्या हॉलमध्ये गुढीपाडव्याचं जेवण होतं, तिथे आइंडहोवनहून आलेला विवेक, चिप बनवणाऱ्या कारखान्यातला इंजिनिअर, रांगेत तिच्या मागेच उभा राहिला.

"संहिता, आईच्या व्हिसाचं जरा विचारायचं होतं. म्हणजे आत्ता नाही, जेवताना."

"विचार की."

"तुझी मजा आहे बुवा. आम्ही अर्ज करून करून मरतो. तू तर व्हिसाच्याच घरी भाडेकरू."

संहिता हसली. हसणं सोपं होतं. तेवढ्यात सुनेत्राकाकू पातेलं घेऊन आल्या. वीस वर्षं इथे राहून त्यांची मुलं डचमध्ये भांडायची, पण काकूंचा हात मात्र अजून सदाशिव पेठेतला.

"घे गं श्रीखंड."

"नको काकू, खूप झालं."

"कुठे झालं? वाटी कोरडी दिसतेय मला."

"राहू दे, खरंच."

"खरंच-बिरंच तुझ्या कोर्टात. इथे जज्ज मी." आणि दोन डाव वाटीत पडले. संहिताला श्रीखंड हवंच होतं. काकूंनाही ते ठाऊक होतं. बोंद्र्यांच्या घरातही हीच रीत. पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा राहू दे, तिसऱ्यांदा अगदी थोडं. पहिल्याच वेळी हात पुढे करणारं मूल हावरट. लहानपणी शेजाऱ्यांकडे एकदा तिने लाडू लगेच उचलला, तर बाबा घरी येईपर्यंत तिच्याशी बोलले नव्हते.

त्यानंतरच्याच आठवड्यात एल्सबाईंनी विचारलं.

एल्स म्हणजे ऑफिसच्या मालकीणबाई. साठीच्या जवळ, सायकलवरून येणाऱ्या, पावसात भिजलेला कोट तसाच खुर्चीवर टाकणाऱ्या. इथे सगळे त्यांना नुसतं एल्स म्हणत. संहितासुद्धा. पण मनात मात्र ती कायम एल्सबाईच म्हणे. दुपारी सगळे एका टेबलाभोवती बसून पाव आणि चीज खायचे, एल्सबाई वर ग्लासभर ताक प्यायच्या, मीठ नाही, जिरं नाही.

"संहिता," पावावर चीजचा काप नीट बसवत त्या म्हणाल्या, "तुझं वर्ष नोव्हेंबरात संपतं. आपण स्पॉन्सर नाही. व्हायचं तर फी आहे, हिशेब दाखवावे लागतात, तीन महिने धरून चाल. पण तुला इथे राहायचं असेल तर मी अर्ज करते. करू?"

संहिताला नेमकं हेच हवं होतं. आणि तोंडातून निघालं, "नाही नाही, एल्स. माझ्यासाठी कशाला एवढा त्रास? मी बघेन काहीतरी."

एल्सबाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या. "स्पष्ट बोललीस, छान." आणि पावाचा घास घेतला.

संहिता थांबली. आता म्हणतील, अगं त्रास कसला. घास संपेल, मग म्हणतील. घास संपला. एल्सबाईंनी ताक संपवलं, ग्लास विसळला आणि कोर्टात निघून गेल्या.

पुढचे दोन महिने संहिता दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत होती. कॉफी यंत्रापाशी एल्सबाई भेटल्या की ती जरा रेंगाळायची. एकदा एका अशिलाच्या स्पॉन्सरशिपची फाइल मुद्दाम त्यांच्या हातातच नेऊन दिली. त्यांनी दोन चुका काढल्या आणि परत दिली. जूनमध्ये कामाचा आढावा झाला, बंद दाराआड, तासभर. आता नक्की. एल्सबाई म्हणाल्या, तुझे मसुदे उत्तम असतात, फोनवर माणसं तुझ्यावर विश्वास ठेवतात. आणि मग उठता उठता, "आम्हाला तुझी फार आठवण येईल."

त्या संध्याकाळी तिने घरी येऊन कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायला विसरली. भात करपला, तेव्हा तिची रूममेट शलाका खोलीतून बाहेर आली. शलाका आयटीतली, तिच्या परमिटला कंपनीचं बळ, त्यामुळे ती सगळ्यांशी मोठ्याने बोलू शकायची.

"काय जाळतेस?"

मग सगळं बाहेर आलं. शलाकाने गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"म्हणजे त्यांनी विचारलं, आणि तू नको म्हणालीस?"

"पहिल्यांदा नकोच म्हणतात गं."

"कोण म्हणतात?"

"सगळे. आपण."

"आपण इथे दोघीच आहोत, संहिता. त्या बाईला काय माहीत तुझं नको म्हणजे अजून वाढा?"

"मला वाटलं, त्यांना नकोच असेल करायला. सुटल्यासारख्या दिसल्या त्या."

"बाई पाव खात होती. नाव तरी बघ ना तुझ्या परमिटचं, झुक यार. आणि तू खरंच झुकून बसलीस." हे बोलून तिला वाईट वाटलं असावं, कारण तिने करपलेला भात खरवडून स्वतःच्या ताटात घेतला.

मग सुरू झाली दुसरीकडची धावपळ. मोठ्या वकिली फर्म्सना तिने अर्ज टाकले. उत्तरं नम्र होती आणि एकाच साच्यातली. डच येत नाही, क्षमस्व. स्लोटरडाइकला मात्र इंटरव्ह्यूला बोलावलं. स्टेशनाबाहेर काचेच्या इमारतींची दाटी, त्यातल्या एकीत बँकांच्या ग्राहकांची कागदपत्रं तपासणारी कंपनी. समोर बसलेला तरुण गोड होता.

"ट्रेनीच्या जागेला आम्ही स्पॉन्सर करत नाही," तो म्हणाला. "सीनियर असतीस तर केलं असतं."

"सीनियर व्हायला काय लागतं?"

"दोन वर्षं ट्रेनी म्हणून काम केलेलं."

"कुठे?"

"इथेच नेदरलंड्समध्ये," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच उत्तरावर त्याला जरा संकोच वाटला.

परत येताना ट्रेनमध्ये तिने शलाकाला हे जसंच्या तसं फोनवर ऐकवलं. शलाका म्हणाली, "पुरे झालं. आज एल्सबाईंशी बोलायची तालीम. मी एल्स."

जेवणानंतर शलाका स्वयंपाकघरातल्या स्टुलावर पाय फाकवून बसली, हातात चीजचा काप धरून.

"बोल."

"एल्स, तुम्हाला वेळ आहे का?"

"नाही."

"मग नंतर येते."

"ए, कुठे निघालीस? वेळ नाही म्हणजे पटकन बोल."

"मला असं म्हणायचं होतं, म्हणजे तुमची काही हरकत नसेल, आणि ऑफिसला फार त्रास होणार नसेल तर..."

"होणार आहे त्रास. पुढे?"

"मग राहू दे."

शलाकाने चीजचा काप तोंडात टाकला. "कोर्टात उभी राहणार होतीस ना तू? साक्षीदाराला पण असंच विचारशील? आपली हरकत नसेल तर, खून केलात का?"

संहिता हसली, मग तिला हसता येईना. सातव्या की आठव्या वेळी वाक्य सरळ निघालं. मला इथे राहायचंय. कृपया अर्ज करा. एवढंच. तोंडात दगड धरल्यासारखं वाटत होतं, पण निघालं.

तरी प्रत्यक्ष बोलायला सप्टेंबर उजाडला. मध्ये एल्सबाई सुट्टीवर होत्या, मग एका अशिलाची सुनावणी होती, मग संहितालाच ताप आला. कारणं सगळी खरी होती. शलाका म्हणायची, तुझी कारणंसुद्धा वकिलासारखी, एकही खोटं नाही.

शेवटी एका सोमवारी सकाळी, एल्सबाई ओला कोट काढत असतानाच, ती त्यांच्या दारात उभी राहिली.

"एल्स, मला इथे राहायचंय. तुम्ही स्पॉन्सरशिपसाठी अर्ज करा, कृपया."

एल्सबाईंचा एक हात बाहीतच राहिला.

"एप्रिलमध्ये मी तुला विचारलं होतं."

"हो."

"तू नाही म्हणालीस."

"हो. पण मला हवं होतं."

एल्सबाई बसल्या. कोट अर्धा अंगावरच. "मग नाही का म्हणालीस?"

संहिताने सांगितलं. श्रीखंडाचं सांगितलं, लाडवाचं सांगितलं, तीनदा विचारण्याचं सांगितलं. इंग्रजीत ते सगळं फार बालिश वाटत होतं, एखाद्या पोरखेळाचे नियम समजावल्यासारखं. 

"म्हणजे मी किती वेळा विचारायला हवं होतं?"

"तीन," संहिता म्हणाली. "निदान दोन."

"आमच्याकडे," एल्सबाई सावकाश म्हणाल्या, "माणूस नाही म्हणाला आणि आपण पुन्हा विचारलं, तर त्याचा अर्थ आपण त्याचं ऐकलं नाही. मला वाटलं तुझं दुसरीकडे ठरलंय. तुझ्या निर्णयात नाक खुपसणं मला बरं वाटेना. तू तर रोज फोनवर लोकांना सांगतेस, स्पष्ट विचारा म्हणून. मी ऐकते ना इथून, शब्द कळले नाहीत तरी आवाज कळतो."

एल्सबाईंनी कोटाची उरलेली बाही ओढून काढली.

"जुलैमध्ये मी तुझ्या जागी फेमकाला घेतलं. काँट्रॅक्टवर सह्या झाल्या. ती एक नोव्हेंबरला येतेय. दोघींचा पगार या ऑफिसला झेपणार नाही. आणि आज अर्ज टाकला तरी मान्यतेला तीन महिने लागतील. तुझं परमिट त्याआधी संपतं." त्या थांबल्या. "हे तू मला सांगायला हवंस, मी तुला नाही."

"माहीत आहे मला," संहिता म्हणाली. खरंच माहीत होतं. अशा कितीतरी माणसांना तिने हेच वाक्य, आवाज मऊ करून, फोनवर सांगितलं होतं.

"मी तुझ्यासाठी शिफारस लिहीन. चांगली लिहीन. मला तू हवी होतीस."

एल्सबाई उठून खिडकीपाशी गेल्या आणि तिच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरले होते की काय, हे संहिताने पाहिलं नाही. ती आपल्या टेबलावर आली. फोन वाजत होता. कुणाला तरी बायकोला इकडे आणायचं होतं. तिने माहिती दिली, नेहमीसारखी, एकही मुद्दा न चुकवता.

संध्याकाळी ती ट्रामच्या थांब्यावर उभी असताना बाबांचा फोन आला. कराडला रात्रीची जेवणं झाली होती, मागे भांडी घासल्याचा आवाज येत होता.

"काय म्हणतंय हेग? आज बाररूममध्ये विचारत होते सगळे. मी म्हटलं, पोरीचं कायम व्हायचं काम चालू आहे."

"बाबा, एक सांगायचंय. एप्रिलमध्ये एल्सबाईंनी मला विचारलं होतं. तुझ्यासाठी अर्ज करू का म्हणून."

"अरे वा. मग?"

"मी नको म्हणाले."

"बरोबर केलंस," बाबा म्हणाले. "लगेच हो म्हणणं बरं दिसत नाही. मग आता परत कधी विचारणार आहेत?"

ट्राम आली, दारं उघडली, माणसं चढली. संहिता तिथेच उभी राहिली. ट्राम निघून गेली.

"नाही विचारणार. दुसऱ्या मुलीला घेतलं त्यांनी."

"असं कसं? माणूस एकदा नको म्हणणारच. एवढंही कळू नये? शिकल्यासवरलेल्या बाई." बाबांचा आवाज कोर्टातल्यासारखा चढला आणि मग खाली आला. "मी लिहू का त्यांना? वकिलाने वकिलाला. आपल्याकडची रीत काय, तुझ्या मनात काय होतं, सगळं सविस्तर."

"नको, बाबा."

"अगं, मला कसला त्रास? तासाभराचं काम."

"नको."

"बघ हं. बसतोच मी लिहायला, पेन समोरच..."

"बाबा, खरंच नकोय मला. त्यांची काही चूक नाही. मी नोव्हेंबरात घरी येतेय."

तिकडची भांडी थांबली होती.  पुढची ट्राम लांबून वळणावर दिसायला लागली.

"आईला मी सांगू," ते शेवटी म्हणाले, "की तू सांगतेस?"

"तुम्ही सांगा," संहिता म्हणाली.