दारातले शांतवन सर

शांतवन सर माणसाला पायांकडून बघायला सुरुवात करायचे. आधी चपला, मग घोटे, मग सलवारीचा किंवा पायजम्याचा काठ. असं करत करत नजर चेहऱ्यापर्यंत पोचायची, तोवर त्यांचा निकाल लागलेला असायचा. पुष्कळदा ती चेहऱ्यापर्यंत पोचायचीच नाही.

निलंग्याच्या पुढे, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या एका खेड्यात आमचं जुनं चर्च आहे. सप्टेंबरात मरियामातेचा सण असतो आणि आम्ही देगलूरकडची मंडळी उदगीरवरून तिथं चालत जातो. शांतवन सर निलंग्याचेच, निवृत्त मुख्याध्यापक. ते जीपने यायचे, काचा वर करून. उतरल्यावर रुमालाने बूट झटकायचे आणि चर्चच्या दारात उभे राहायचे. त्यांना तिथं कुणी नेमलं होतं, हे मला आजवर कळलेलं नाही. कडक इस्त्रीची पांढरी सफारी घातलेल्या माणसाला आपल्याकडे कुणी असले प्रश्न विचारत नाही.

मी पहिल्यांदा चालत गेले तेव्हा वाटेत पाऊस लागला होता. काळ्या मातीचा चिखल पोटऱ्यांपर्यंत चढलेला. दाराबाहेरच्या नळावर आम्ही पाय धुतले आणि मी आत निघाले, तर सरांनी हात आडवा केला.

"ओढणी कुठाय?"

मी दवाखान्यात नर्स आहे. सोबतच्या एका म्हाताऱ्या काकांच्या टाचा फुटून रक्त येत होतं, बँडेज संपलं होतं. मी काकांच्या पायांकडे बोट दाखवलं. "ती तिथं बांधलीय, सर."

सरांनी काकांचे पाय पाहिले. रक्त पाहिलं नाही, ओढणी पाहिली. "खांद्यावरची वस्तू पायाला? कसले संस्कार घेऊन आलात?" असं म्हणून त्यांनी अत्तराचा रुमाल नाकाला लावला. शेवटी कुणाच्या तरी पिशवीतला टॉवेल खांद्यावर घेऊन मी आत गेले. अंगावर टॉवेल पांघरलेली बाई त्यांना चालली. तेव्हाच या माणसाची अक्कल माझ्या ध्यानात आली.

मिस्सा, म्हणजे आमची उपासना, सुरू होण्याआधी ते माइकचा ताबा घ्यायचे. "अर्ध्या चड्ड्या, बनियन, घट्ट पँटी चालणार नाहीत! चालत आला म्हणजे उपकार नाही केला!" आवाज चढला की शुद्ध भाषा गळून पडायची. "हे देवाचं घर हाय, बसस्टँड न्हाई! कलेक्टरसाहेबाम्होरं असं जाल का?" एकदा गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "कलेक्टरला भेटाया कोण चालत जातंय, सर?" सगळे हसले. सरांनी बोलणारा शोधायला म्हणून पुन्हा सगळ्यांच्या चपलांकडे बघितलं.

त्यांचं सगळंच चूक होतं असं नाही. मिस्सा चालू असताना मोबाइल वाजायचे, काही पोरं खरोखरच बनियनवर वेदीपर्यंत जायची. त्यांना टोकायलाच हवं होतं. पण टोकून, शर्ट घालायला लावून त्यांना आत घेण्यात सरांना काडीचा रस नव्हता. माणूस उंबऱ्याशी थबकला, ओशाळला, की त्यांच्या तोंडावर पोट भरल्यासारखं समाधान यायचं. शाळेतही ते असेच होते म्हणे. गणवेश मळला असला की पोराला वर्गाबाहेर. घरी साबण आहे का, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

मग सुंदराबाई आली. देगलूरच्या पलीकडच्या वाडीतली, रोजाने शेतात जाणारी. तिची लेक बाळंतपणात नांदेडच्या दवाखान्यात अडली होती, ती बाळासकट सुखरूप घरी आली. चालत येऊन वेदीपुढं मेणबत्ती लावीन, असं सुंदराबाई मरियामातेला बोलली होती. आमच्याकडच्या बाया शेतात जाताना लुगड्यावरून पुरुषाचा शर्ट घालतात, ऊन लागू नये म्हणून. ती तशीच चालत आली, डोक्याला गमछा बांधून. वाटभर नातवाचं कौतुक सांगत होती.

सरांनी तिला दारात धरलं. "पुरुषाचा शर्ट? चर्चमध्ये? काढा."

तिने गमछा सोडला, शर्ट काढला. आतलं पोलकं पाठीवर विरलेलं होतं, उन्हाने करपलेली कातडी दिसत होती.

"शी! हे तर त्याहून वाईट. घाला, घाला तो शर्ट."

तिने घातला आणि पाऊल उचललं. सर म्हणाले, "शर्टावर आत सोडणार नाही."

"मग कसं करू ओ सर?" सुंदराबाई म्हणाली. "कातडं काढून ठिवू का हितं?"

मी भांडले. सर माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "नियम म्हणजे नियम, सिस्टर." फादरांना हाक मारावी तर आत मिस्सा सुरू झाल्याची घंटा झाली होती. बाकीचे यात्रेकरू माना खाली घालून आत गेले.

सुंदराबाई रडली नाही. ती चर्चला वळसा घालून वेदीजवळच्या खिडकीशी गेली आणि गज धरून उभी राहिली. मीही तिच्याजवळ थांबले. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी फादरांचं लक्ष गेलं. नवे होते, तरुण होते, क्षणभर गोंधळले. मग ते वेदीवरून उतरून खिडकीपाशी आले, गजांतून तिला प्रसाद दिला आणि तिची मेणबत्ती घेऊन वेदीपुढं लावली. सगळं चर्च वळून बघत होतं. दारातून सरांचा आवाज आला, "आता खिडकीतून पार्सल सुरू झालं का?"

पुढच्या वर्षी मी तिला बोलवायला वाडीवर गेले.

"न्हाई माय," ती म्हणाली. "चालाया पाय हायेत, पर आत जायाला कापडं न्हाईत." मी साडी देऊ केली, तर हसली. "मरियाबाईलाच म्या घरी बोलिवलंय. ती येती. तिला काय बी चालतंय." आणि ती पुन्हा कधीच आली नाही. सर जिंकले.

दोन-तीन वर्षांनी सर झटक्याने गेले. त्याच चर्चमध्ये शोकसभा झाली. शिस्तीचा माणूस, तत्त्वाचा माणूस, चर्चचा आधारस्तंभ. ऐकून ऐकून माझे कान किटले. फादरांनी यात्रेकरूंच्या वतीने मला बोलायला लावलं. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणून मी मनाशी खूप शोधलं. सापडलं नाही.

"सरांना मी इतकी वर्षं दारात उभं बघितलं," मी म्हणाले. "आत गुडघे टेकलेले कधी बघितले नाहीत." आणि खाली बसले. कुणीतरी खोकललं. पुढचा वक्ता घाईने उठला.

बाहेर पडताना मागून कुणी दंडाला धरलं. वळून बघते तर सरांच्या पत्नी, मार्थाबाई. इतकी वर्षं जीपच्या मागच्या सीटवर बसून येणाऱ्या, कधी तोंडातून शब्द न काढणाऱ्या. आता मला चार शिव्या बसणार, अशी मी तयारी केली.

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "तुम्ही देगलूरहून निघता, तर उदगीरला मुक्काम करता ना?"

"हाव. का बरं?"

"मी उदगीरहून लागू का तुमच्यासंगं? लई वर्षं मनात हाय." मग एकदम संकोचून त्यांनी पदर सारखा केला. "पर घालायचं काय असतं ओ चालताना? मला काहीच माहीत न्हाई."