धाकूने जागा सोडली नव्हती

तीस सालच्या आगेमागे आमची पलटण सरहद्दीवर होती. बन्नूच्या पुढे, उघड्या डोंगरात. तिथली एक गोष्ट आणि मुंबईतली एक गोष्ट अशा दोन गोष्टी मला लिहायच्या आहेत, कारण त्या दोन नाहीत, एकच आहे. शाळेत मी दीड वर्ष गेलो. बाकी अक्षरओळख पलटणीने करून दिली, तीही रोमन अक्षरांत. म्हणून माझं शुद्धलेखन तपासत बसू नका. हकिगत तपासा.

आमची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात. वाडीतले तिघे एकाच दिवशी महाडात भरती झालो. मी कोंडीराम, धाकू आणि भागोजी. तिघांची कंपनी एक, प्लाटून एक.

वर्षाची सुट्टी मिळाली की पंजाबच्या मेलने मुंबईत उतरायचो आणि आठ दिवस तिथेच राहायचो. मग आगबोटीने बाणकोट, होडीने दासगाव, सवच्या ऊन पाण्याच्या झऱ्यात पाय शेकून पुढची वाट चालत. आधी मुंबई, मग घर. हा आमचा कायदा. घरी बायका बोलायच्या, पण कायदा मोडला नाही.

लालबागला आमच्या गावकीची खोली होती. चौदा जण राहायचे, निम्मे दिवसपाळीचे, निम्मे रातपाळीचे. भिंतीला ट्रंका लावलेल्या. शिवरामतात्या खोलीचे म्होरके, गावकीतही त्यांचा शब्द चालायचा. आम्ही आलो की ते म्हणायचे, "आली सरकारची जावयं. सरका रे."

मला मुंबई का आवडायची ते सांगतो. तिथे कुणी सॅल्यूट मागत नव्हतं. सकाळी आठला इराण्याकडे चहा, मग ट्रामच्या वरच्या मजल्यावर बसून थेट दक्षिणेच्या टोकापर्यंत. तिथून अपोलो बंदराला पायी, बोटी बघायच्या. भागोजी हलक्या आवाजात "लेफ्ट-राइट" म्हणायचा आणि तिघांची पावलं आपोआप पडायची. लोक हसायचे. हसू दे.

धाकू मात्र ट्रामच्या वर चढायचा नाही. तो खाली ड्रायव्हरच्या पाठीशी उभा राहायचा आणि पितळी हँडलवरचा त्याचा हात बघायचा.

"पेन्शन झाली की मी हाच धंदा करनार," तो म्हणाला.

"तुला बैल हाकता येत नाय धड," भागोजी म्हणाला.

"बैलाला रूळ नसतात रे."

एकदा भुलेश्वरच्या गर्दीत धाकू चुकला. पाच मिनिटांनी त्याचा कुकारा आला. मुंबईच्या माणसाला हे सांगावं लागेल. आमच्याकडे रानात माणसं चुकली की लांब हेल काढून 'कू' अशी हाळी देतात. ऐकणाऱ्याने उलट कुकारा द्यायचा. आणि ज्याने पहिला दिला त्याने उत्तर येईपर्यंत जागा सोडायची नाही, पुन्हा पुन्हा देत राहायचं. दोघेही हलले तर डोंगरात कुणीच कुणाला सापडत नाही. हे आम्ही चालायला लागतो तेव्हाच शिकतो.

भुलेश्वरात सगळा बाजार त्याच्याकडे बघायला लागला. आम्हाला लाज वाटली. आम्ही उत्तर दिलं नाही, शोधत फिरलो. दुपारी चारला चुकलेला माणूस सहाला सापडला, एका फुलवाल्याच्या खांबाला टेकून.

"हललास का नाय?" मी विचारलं.

"तुमी जबाब नाय दिलात, मग हलू कसा? रांडेच्यांनो, घसा बसला माझा."

ती आमची तिघांची शेवटची मुंबई.

त्यानंतर तीन महिन्यांनी पिकेटचं काम आलं. पिकेट म्हणजे असं. खालच्या रस्त्याने लॉऱ्या जाणार असतील तर सकाळी दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर आमच्या तुकड्या चढून बसायच्या. लॉऱ्या परत गेल्या की खालून झेंडीने निरोप यायचा, 'रिटायर'. मग पटापट उतरायचं. खरा धोका उतरताना. पिकेट कमांडरने प्रत्येक जवानाजवळ स्वतः जाऊन खांद्यावर हात ठेवून त्याला उठवायचं, हाक मारायची नाही. सर्वांत शेवटी कमांडरने पिकेटचा झेंडा घेऊन उतरायचं. झेंडा खाली आला म्हणजे वर आपला एकही माणूस नाही. मग खालच्या तोफा माथ्यावर मारा करायला मोकळ्या.

आमचा कमांडर एक हवालदार होता. महाडच्या खालच्या अंगाचा, भातशेतीवाल्या बड्या घरचा, चार बुकं शिकलेला. त्याचं नाव मी लिहिणार नाही. माझ्या कागदावर त्याला जागा नाही. चालताना मान पुढेमागे करायचा म्हणून आम्ही त्याला कोंबडा म्हणायचो.

सहा वाजता कॅम्प सोडला. सात वीसला माथ्यावर पोचलो. आम्ही बारा जण. हवालदाराने धाकूला डाव्या टोकाला एका खडकामागे बसवलं. तिथून नाला दिसायचा, पण बाकीची पिकेट दिसायची नाही. त्याला बसवताना मी पाहिलं, भागोजीनेही पाहिलं. दिवसभर काही झालं नाही. शिळी रोटी खाल्ली. दुपारी दोनपासून समोरच्या टेकडीवरून तुरळक गोळ्या यायला लागल्या.

तीन वाजून दहा मिनिटांनी 'रिटायर' आलं. भागोजी लुईस गन घेऊन पहिल्या टोळीबरोबर पार खाली गेला. मी दुसऱ्या टोळीत. साठ-सत्तर पावलं उतरून कव्हर फायरसाठी, म्हणजे मागून येणाऱ्यांना गोळीबाराचा आडोसा द्यायला, आडवे झालो. तेवढ्यात हवालदार उड्या मारत आला. झेंडा त्याच्या हातात. मी मोजले. अकरा.

"धाकू?"

"मागून येतोय. चलो."

"खडकावर गेला होतात?"

"चलो, बोललो ना!"

तेव्हा वरून कुकारा आला. एक, लांब. वर कुणी हलत नाही हे धाकूच्या ध्यानात आलं असणार. आमच्या टोळीत सगळ्यांनी ऐकला, पण तो काय आहे हे मला आणि हवालदारालाच कळलं; भागोजी पार खाली, त्याच्यापर्यंत तो पोचला नाही. मी तोंडाला हात लावला. हवालदाराने माझं मनगट धरलं.

"चूप. आवाज दिलास तर आपली जागा कळेल. हुकूम हाय."

मी हुकूम मानला.

दुसरा कुकारा आला. मी गप्प राहिलो. जबाब नाही म्हणून धाकू खडकामागून हलला नाही. तीन सतराला आमच्या तोफेचा पहिला गोळा माथ्यावर पडला. तिसरा कुकारा सुरू झाला तो मध्येच तुटला. गोळा आमचा लागला की गोळी त्यांची, मला आजही ठाऊक नाही.

दुसऱ्या सकाळी कंपनी वर गेली. धाकू त्याच खडकामागे होता, तोंड नाल्याकडे. रायफल पठाणांनी नेलेली.

चौकशी झाली. हवालदाराने सांगितलं की धाकूची जागा उजवीकडे होती, तो न विचारता खडकाआड गेला. मी आणि भागोजी म्हणालो, जागा डावीकडेच होती. साहेबाने मला विचारलं, "त्याचा आवाज ऐकलास?" हवालदार माझ्याकडे बघत होता. ऐकला म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, मग तू काय केलंस?

"नाही साब," मी म्हटलं.

तिथे मी खोटं बोललो, आणि हवालदाराचंच खरं धरलं गेलं. कागदावर आलं, सिपाही धाकू हुकुमाशिवाय जागा सोडून गेला.

तो कागद वाडीत पोचला. पोलादपूरच्या मास्तरांनी वाचून दाखवला. हवालदाराने सुट्टीत येऊन महाडच्या बाजारात त्याला मीठमसाला लावला. पुढच्या शिमग्याला मी घरी होतो. आमच्याकडे शिमग्यात देवीची पालखी घरोघर जाते. धाकूच्या बायकोने, काशीने, अंगण सारवलं होतं. नारळ हातात घेऊन उभी होती. गावकीने पालखी त्या दारावरून पुढे नेली. थांबली नाही. काशी नारळ धरून तशीच उभी राहिली.

शिमग्याला गावी आलेल्या शिवरामतात्यांना मी गाठलं. "तात्या, धाकू पळाला नाय."

"तू त्याचा दोस्त. तू हेच बोलनार. त्या हवालदाराचं तोंड आन माझ्यासमोर. तो बोलला तर पालखी थांबंल."

तेव्हापासून माझं एकच काम उरलं.

हवालदार पेन्शनीवर गेला आणि मुंबईत शिवडीकडे एका कापसाच्या गोदामावर गेटचा जमादार झाला, अशी खबर भागोजीने काढली. पुढच्या सुट्टीत आम्ही दोघे मेलने उतरलो. ट्राम नाही, अपोलो बंदर नाही. आठच्या आठ दिवस त्या माणसावर लावायचे असं ठरलं. मुंबईवर जेवढा जीव होता तेवढाच दात आता एका गेटवर होता.

भागोजीचं म्हणणं होतं, आडोशाला धरून हाडं मोडू. मी म्हटलं, "नाय. हाडं जुळतात."

पहिल्या दिवशी सकाळी सातला आम्ही गेटसमोर, रस्त्याच्या पलीकडे, सावधान उभे राहिलो. धुतलेले कपडे, डोक्याला फेटा, छातीवर बिल्ले. संध्याकाळी सहाला हललो. दुसऱ्या दिवशी तेच. त्याने पोलीस आणला. पोलिसाने विचारलं, काय करताय? मी म्हटलं, उभे हाओत. सरकारी रस्ता हाय. पोलीस गेला.

हमाल, गाडीवान येता-जाता विचारायला लागले, तुम्ही कोण, इथे का? आम्ही सगळ्यांना एकच उत्तर दिलं. "तुमच्या जमादाराला इचारा, धाकू कुठं हाय."

त्यांनी विचारलं. हमालांना तेवढंच पाहिजे असतं. चौथ्या दिवशी गाठी उतरवताना ताल धरून तेच चाललं होतं. चणेवाला ओरडायचा, "जमादारसाब, धाकू किधर है?" हवालदार चौकीत शिरून बसला. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? इतकं बरं चौपाटीवर कधी वाटलं नव्हतं.

सहाव्या दिवशी दुपारी तो रस्ता ओलांडून आला. दाढी वाढलेली.

"काय पाहिजे तुमाला?"

"रविवारी दहा वाजता लालबागला या," मी म्हटलं. "काय झालं ते गावकीसमोर सांगा. नायतर सोमवारी आमी हितंच."

"सुट्टी संपेल तुमची."

"मग पुढल्या सालाला. तुमी किती वर्सं जगनार?"

रविवारी दहाला तो आला. खोलीत सगळे ट्रंकांवर बसलेले. मी दाराशी, भागोजी माझ्याशेजारी. तात्यांनी त्याला पाणी दिलं. तो प्यायला नाही. उभ्यानेच बोलला. धाकूची जागा डाव्या खडकामागेच होती. गोळ्या येत होत्या म्हणून मी तिकडे गेलो नाही. त्याला उठवलं नाही. झेंडा घेऊन उतरलो.

मला वाटलं, झालं, जिंकलो. तेवढ्यात तो माझ्याकडे वळला.

"मी उठवला नाय. पन त्याने कुकारा दिला, दोन वेळा दिला. ह्याने ऐकला. ह्याने जबाब दिला नाय. इचारा ह्याला."

चौदा माणसं माझ्याकडे वळली. कुकारा म्हणजे काय हे त्या खोलीत कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

तात्यांनी विचारलं, "कोंडीराम, खरं?"

"खरं. हुकूम होता."

"हुकूम." तात्या एवढंच म्हणाले.

भागोजीला हे ठाऊक नव्हतं. मी त्यालाही कधी सांगितलं नव्हतं. त्याने मारलं असतं तर मी हात वर केला नसता. त्याने चप्पल घातली आणि जिना उतरून गेला. पुढे एकाच प्लाटूनमध्ये आम्ही आणखी सहा वर्षं काढली. कामापुरतं बोलला. मुंबईला माझ्याबरोबर पुन्हा उतरला नाही.

तात्यांनी निकाल दिला. "पालखी धाकूच्या दारात थांबंल. आनि कोंडीराम, पालखीला तू खांदा लावायचा नाय."

आमच्या घराण्याचा खांदा पालखीला पिढ्यान् पिढ्या पहिला. मी "बरं" म्हटलं. वाद घातला नाही. उभ्या आयुष्यात वाद न घालण्याची ती एकच वेळ.

त्याच सुट्टीत आलेल्या शिमग्याला पालखी धाकूच्या अंगणात उतरली. काशीने ओटी भरली, नारळ वाढवला, सगळ्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. भागोजीच्याही ठेवला. मी कुंपणाबाहेर उभा होतो. ती कुंपणापर्यंत आली, माझ्याकडे नीट बघितलं आणि मागे फिरली. तिच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं.

हवालदार त्यानंतर फार जगला नाही. मेल्याचं कळलं तेव्हा मी भात झोडत होतो. झोडत राहिलो. त्याला माफी नाही. मी कुणाकडे माफी मागितलेली नाही, म्हणून ती मिळाली की नाही हे मला विचारू नये.

पेन्शन झाल्यावर मी पलटणीला तीन अर्ज पाठवले. साहेब बदलले होते. एकाचं उत्तर आलं, नोंद झाली ती झाली. भागोजी गेला, तात्या गेले, काशीही गेली. त्या माथ्यावर काय झालं ते सांगणारा आता मी एकटा उरलो. कागदाला कागदानेच जबाब द्यायचा म्हणून हे लिहिलं. पलटणीने नोंद नीट केली नाही, ती मी करतो.

सिपाही धाकू, वाडी आमची, वय अठ्ठावीस. नेमणूक डाव्या खडकामागे. परतीचा हुकूम त्याच्यापर्यंत पोचवला गेला नाही. तीन सतरापर्यंत तो जागेवर हजर होता.