श्टाउफरांचे काळे सिंह

मला सिंहांचं वेड लागलं ते स्टुटगार्टकडे राहायला आल्यावर. जिवंत नव्हे, चिन्हातले सिंह. सोनेरी जमिनीवर एकाखाली एक चालणारे तीन काळेकभिन्न सिंह, लाल जीभ बाहेर, पुढचा पंजा उचललेला. पोलिसाच्या बाहीवर तेच, सरकारी कचेरीच्या दारावर तेच. हे मूळचे श्टाउफर घराण्याचे, मध्ययुगात ज्यांच्यातून सम्राट झाले त्यांचे, आणि त्यांच्या किल्ल्याची टेकडी हवा स्वच्छ असली की आमच्या गावातून दिसते! नवरा म्हणतो, टेकडी दिसली की तुझं तोंड बंद होत नाही. नाहीच होत.

त्यामुळे शाळेच्या झोमरफेस्टसाठी, म्हणजे उन्हाळ्यातल्या जत्रेसाठी, लेकीच्या वर्गाच्या वाट्याला श्टाउफर आले तेव्हा मी स्वयंपाकघरात उडीच मारली. तिच्या बाईंनी आमच्या दिवाळीच्या रांगोळीचा फोटो पाहिला होता. शाळेच्या अंगणात हेच चिन्ह रांगोळीत काढाल का, असं त्यांनी विचारलं. काढाल का म्हणजे काय!

पण मला साधे ठिपके जोडता येत नाहीत. रांगोळी येते ती सासूबाईंना, आणि त्या तेव्हा पुण्याहून आमच्याकडे आलेल्या होत्या. त्याच काढतील हे ऐकून लेकीचा चेहरा उतरला. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. "आजीला शाळेत न्यायलाच हवं का?" तिने विचारलं. "सगळे हसले तर?" साडी, अंगणात मांडी ठोकून बसणं, या टोकापासून त्या टोकापर्यंत मारलेल्या हाका, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं असणार. मला राग आला, पण तिचंही चुकत नव्हतं. वर्ग तिचा होता, हसू झालं तर तिचंच होणार होतं.

जत्रेच्या सकाळी सासूबाईंनी खडूने सिंह रेखले. काय रेघ होती! तिन्हींच्या आयाळीची वळणं एकसारखी. मी रंग पुन्हा एकदा सांगितले, जमीन पिवळी, सिंह काळे, आणि मला कॉफीच्या टेबलावर जुंपलं म्हणून तिकडे गेले. परत आले तर अंगणात गर्दी, लोक फोटो काढताहेत, आणि रांगोळीत लालभडक जमिनीवर तीन पिवळेधमक सिंह.

"आई, काळे सांगितले होते ना!"

"अगं, सणासुदीला काळा भरतात का कधी? तेही शाळेच्या दारात? मी काळा रंग आणलेलाच नाही."

माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. तेवढ्यात लेकीच्या बाई वाकून बघत म्हणाल्या, "वा, फारच सुंदर. पण हे तर इंग्लंडच्या राजाचं चिन्ह झालं!" रंग बदलला की घराणं बदलतं, हे मी घरी सगळ्यांना शंभरदा ऐकवलेलं. मागे उभी असलेली मुलं "इंग्लंड, इंग्लंड" करत फिदीफिदी हसली. लेक लालबुंद झाली. मग तिचे डोळे भरलेच.

सासूबाईंना जर्मनचा एक शब्द कळत नव्हता. नातीचा चेहरा मात्र कळला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, रांगोळीकडे पाहिलं आणि सकाळभर मेहनत करून भरलेले सिंह लाल जमिनीसकट हाताने फराफरा पुसून टाकले.

"आई, अहो, काय करताय!"

"पोर रडतेय ते शुभ आहे होय?" त्या माझ्यावरच खेकसल्या. "काळं काहीतरी आण. पळ."

मी पळाले. सॉसेज भाजणाऱ्या कुणाच्या तरी बाबांकडे कोळशाची पिशवी होती. त्यांनी काही न विचारता मूठभर दिला, आणि मी तो पायरीवर दगडाने कुटला. सासूबाई पिवळी जमीन पसरत होत्या. लेक केव्हा त्यांच्या शेजारी मांडी घालून बसली, मला कळलं नाही. आजी कडेने भरत होती, नात पोटात भरत होती. "जीभ लाल, आजी," लेक म्हणाली. मराठीत. मग दोघींनी जिभा लाल केल्या.

तो शेवटचा सिंह पुरा झाला तेव्हा मी टाळ्या पिटल्या, अगदी वेड्यासारख्या. सोन्यावर काळं असं उठून दिसत होतं की ते तिघे आता चालत अंगणाबाहेर पडतील असं वाटावं. श्टाउफर! बाई "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणत होत्या. लेकीने उभं राहून सम्राटांची सगळी माहिती घडाघडा सांगितली आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

सासूबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या. नातीला जवळ ओढलं आणि सगळ्या वर्गासमोर कोळशाच्या बोटाने तिच्या गालावर चांगली ठसठशीत तीट लावली. मैत्रिणी टक लावून बघत होत्या. एकीने विचारलं, हे काय?

लेकीने गालाला हात लावला नाही. आजीच्या पुढ्यात बोट दाखवून म्हणाली, "रांगेत उभ्या राहा. ती सगळ्यांना लावेल."