किती महिने?

"किती महिने?" एवढंच विचारायची, आणि उत्तर यायच्या आत तळहात टेबलावर आपटायची. राजवाड्यामागच्या त्या दवाखान्यात तुमच्यापैकी कुणी रांगेत बसलं असेल, तर तो आवाज आठवत असेल.

डॉक्टरीण आमच्यातलीच, तंजावरी मराठी. पण उमेदीची वर्षं ओडिशाच्या जंगलात गेलेली. तिथे मलेरिया झालेल्या गरोदर बायांसाठी दोन औषधं ताडून पाहायचं काम होतं. निम्म्यांना सात दिवस क्विनाईन, निम्म्यांना तीन दिवसांच्या नव्या गोळ्या. क्विनाईनने कान वाजतात, ओकाऱ्या होतात; बाया चौथ्या दिवशी गोळ्या गुपचूप चुलीत टाकत आणि ताप उलटे. नव्या गोळ्या निदान संपत तरी. हे सांगताना हातातला पेला ती असा आदळायची की कॉफी समोरच्याच्या अंगावर.

मी सायकलवरून तिरुवैयारुच्या खेड्यांत औषधं विकत फिरून दुकान उभं केलेला माणूस. क्विनाईनचा जुना साठा तिच्या गळ्यात मारायला गेलो, तर तिने खोका रस्त्यावर भिरकावला. म्हणाली, "राव, आधी तुम्ही गिळा सात दिवस. मग बोलू." मीही शिव्या हासडल्या.

मग माझी लेक ओडिशातल्या सासरहून तापाने फणफणत आली. दुसरा महिना होता. आमच्या घरात तिसरा पुरा होईतो ही गोष्ट उंबऱ्याबाहेर काढत नाहीत, दृष्ट लागते. दवाखान्यात नेताना बायकोने मला आण घातली होती.

"किती महिने?"

"कसले महिने? ताप आहे."

तिने पुन्हा विचारलं. मी आवाज चढवला. तिने गोळ्या काढून ठेवल्या, शेवटी घ्यायची एक वेगळी. लेकीने हात पुढे केला आणि मान खाली घालून रडायला लागली.

डॉक्टरीण उठली आणि सगळ्या रांगेसमोर तिने माझ्या डाव्या कानाखाली वाजवली. मी तिचं मनगट धरून पिळलं. तिने ती वेगळी गोळी खाली पाडून चपलेने चिरडली.

"ही पोटातल्या बाळाचं रक्त फोडते, म्हणून विचारते महिने," ती म्हणाली. "तिकडे एका नवऱ्याने असंच लपवलं. बाळ गेलं, आणि कुऱ्हाडीचा दांडा मला बसला." तिने केस मागे सारले. कपाळावर बोटभर लांब, खोल वण होता.

मी मनगट सोडलं.

तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, ती आमच्या घरी येऊन लेकीला दुधासोबत गोळ्या गिळायला लावत होती. माझ्याशी अक्षर बोलली नाही. पुढे नातू झाला, तेव्हा त्याचं वजन करायला स्वतःचा काटा घेऊन आली. काट्याकडे पाहून हसली, माझ्याकडे नाही.

गेल्या वैशाखात ती गेली. तिने चारचौघांत मारलं होतं, मीही चारचौघांत तिची माफी मागायला हवी होती, मागितली नाही. आता ते राहिलंच.

औषध थांबलं की कान वाजायचे थांबतात, असं ती बायांना सांगायची. माझा डावा अजून वाजतो.