चुकीवरची रेघ

शेवगावच्या प्रेमलाबाई मुळ्यांनी तीस वर्षं शाळेत पोरांना एकच शिस्त लावली. चुकलं तर खाडाखोड करायची नाही. चुकीवर एक सरळ रेघ मारायची, खाली बरोबर लिहून तारीख टाकायची. निवृत्तीनंतर ब्लॉग काढला, तिथेही तोच खाक्या. वृत्तसंस्थेच्या बातमीतल्या दोन ओळी अवतरणचिन्हांत, खाली संस्थेचं नाव, आणि मग स्वतः जागेवर जाऊन पाहिलेलं. नऊ वर्षं बाईंनी हे इमानेइतबारे केलं.

त्या मंगळवारी एका बड्या वृत्तसंस्थेच्या वकिलाची ईमेल आली. एक्केचाळीस लेखांत आमचा मजकूर विनापरवाना वापरलाय, उद्या चारपर्यंत सगळे काढा, नाहीतर ब्लॉगच बंद पाडू. सोबत लेखांची आणि त्यातल्या ओळींची यादी.

शेजारचा गोरक्ष, त्यांचाच जुना विद्यार्थी, म्हणाला, “बाई, काढून टाका की त्या वळी. कशाला डोक्याला ताप?”

“अरे, ज्याला उत्तर देतेय ते दाखवायलाच नको? मग मी भांडतेय कुणाशी, भिंतीशी?”

बोलल्या आणि यादी तपासायला बसल्या आणि एकोणिसाव्या लेखावर थबकल्या. पाझर तलावाचा सांडवा फुटला तेव्हाचा तो लेख. त्यात त्यांनी कुणाची एक ओळ घेतली नव्हती. गोरक्षच्या मोटारसायकलवर बसून स्वतः गेल्या होत्या. आणि आता त्यांचीच वाक्यं संस्थेची म्हणून यादीत! ‘पूर्वेकडचा सांडवा’ हेसुद्धा. खरं तर सांडवा पश्चिमेला. त्या दिवशी आभाळ भरलेलं, बाईंची दिशा चुकली होती. तीन दिवसांनी गोरक्षने सांगितलं, तेव्हा त्यांनी चुकीवर रेघ मारली. बाईंचा लेख अकरा ऑगस्टचा, संस्थेची बातमी बाराची. भामट्यांनी चुकीसकट उचललं होतं!

बाईंनी दोन्ही तारखा कळवल्या. तासाभरात वकिलाचा फोन. आवाज अगदी मधाळ.

“मॅडम, तेवढा सांडव्याचा लेख काढून टाका. आम्ही सगळी नोटीस मागे घेतो.”

बाकीचे चाळीस लेख शाबूत राहणार होते. एक पुसला तर कुणाला पत्ता लागणार होता? बाईंना मोह झाला, खोटं कशाला बोला.

“पोरांना तीस वर्षं जे करू दिलं नाही, ते मी नाही करणार,” त्या म्हणाल्या. फोन ठेवला आणि त्यांना रडूच फुटलं. नऊ वर्षांवर आपण पाणी सोडलं, असंच वाटलं त्यांना.

दुसऱ्या दिवशी चार वाजले. गोरक्ष सारखा ब्लॉग उघडून बघत होता. पावणेपाचला एका ओळीची ईमेल आली: तक्रार मागे घेत आहोत. माफीचा शब्द नाही.

“जिंकलात की बाई!” गोरक्ष ओरडला.

बाईंनी संस्थेची बातमी उघडली. सांडवा गुपचूप पश्चिमेला सरकला होता. ना रेघ, ना तारीख. बाईंचा पारा चढला. त्यांनी ती ओळ ब्लॉगवर अवतरणचिन्हांत उतरवली, खाली संस्थेचं नाव टाकलं आणि पुढे लिहिलं, ‘कालपर्यंत इथे पूर्व होती.’ मग त्याखाली तारीख टाकली.