कंबळ्याचा बाप

कंबळ्याचा बाप कोण, यावरून नळदुर्गच्या ढाब्यावर एकदा ताटं उडाली होती. खोटं कशाला सांगू! सोलापूरकडनं आलेला एक ट्रकवाला म्हणाला, बाप म्हणजे किल्ल्यातला तो मोठा साहेबच. हैदराबादकडचा म्हणाला, साहेब कसला डोंबलाचा, देवळातला आंधळा पुजारी. बोलण्यावरनं बोलणं वाढलं आणि कल्याणप्पाच्या ढाब्यातली दोन ताटं डाळीसकट रस्त्यावर गेली. आता हा कंबळ्या कुणी गावातला माणूस असता तर एक वेळ समजलं असतं. तो दक्षिणेकडच्या एका पिक्चरमधला. काळं घोंगडं पांघरून येतो, अर्धं तोंड झाकलेलं, बोलतो कमी आणि हाणतो जास्त. तो कुणाचा पोरगा, हे पहिल्या भागात सांगितलंच नाही. दुसरा भाग काही लवकर येईना, मग लोकांनीच ज्याला जमेल तसा त्याचा बाप ठरवायला घेतला.

या उद्योगात सगळ्यात पुढं कोण, तर धुळाप्पा मेंढक्याचा कुमार. नळदुर्गच्या स्टँडजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्यानं बाहेर उभं राहायचं. फुटक्या काचा बदलता बदलता तो कंबळ्यावर व्हिडिओ करायचा. कंबळ्याच्या दंडावरचा डाग, त्याची काठी, त्याच्या कुत्र्याचं नाव, सगळ्यातनं हा काहीतरी काढायचा, आणि ते बघणारे पार बेंगळुरूपर्यंत पसरले होते. पोरगा हुशार. पण या नादात जेवायचंही भान राहायचं नाही.

धुळाप्पा साठीच्या पुढचा, अंगानं चिवट. उभी हयात मेंढरामागं गेली. दसरा झाला की बायको, तळाचं सामानसुमान आणि मेंढरं घेऊन बाहेर पडायचं, लोकांच्या रानात मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात धान्य घ्यायचं आणि पावसाळ्याच्या तोंडाला वाडीवर परतायचं. आता गुडघे बोलायला लागले, म्हणून थोडीच मेंढरं ठेवून तो घरालाच असतो. जन्मात थेटरात न गेलेल्या या माणसानं कंबळ्याचा पिक्चर कुमारच्या मोबाइलवर तीन बैठकांत पाहिला. पहिल्या बैठकीत नुसत्या चुका काढल्या. "कुत्र्याला असं कोन बांधतंय रं? लांडगा आला मजी काय कुत्र्यानं गाठ सोडत बसायचं?"

पण दुसऱ्या बैठकीपासनं तो गप झाला. त्याला कंबळ्यानं धरलं नाही, कंबळ्याला वाढवणाऱ्या म्हाताऱ्या मेंढक्यानं धरलं. पिक्चरमध्ये त्या म्हाताऱ्याचं काम इवलंसं. दोन ठिकाणी दिसतो, चार वाक्यं बोलतो आणि मरतो. ढाब्यावर चहा पिताना धुळाप्पा एकदा सहज बोलून गेला, "त्यो म्हाताराच त्याचा बाप की."

सगळा ढाबा हसला. कल्याणप्पा गल्ल्यावरनं म्हणाला, "अवो धुळाप्पा, त्यो नुसता सांभाळणारा. बाप येगळा."

नुसता सांभाळणारा! धुळाप्पानं चहा तसाच ठेवला आणि वाडीची वाट धरली.

त्याला एवढं का झोंबलं, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. एक तो स्वतः, दुसरी त्याची बायको बानूबाई. कुमार त्यांच्या पोटचा नव्हता. वाडीला याचा पत्ता नव्हता, कारण बानूबाई पोटुशी असतानाच ते मेंढरं घेऊन बाहेर पडले होते आणि परत आले ते कडेवर पोर घेऊन. कुमारला सांगायचं म्हणून धुळाप्पानं कैक वेळा तोंड उघडलं. आधी लहान म्हणून राहिलं, मग दहावी म्हणून, मग दुकान नवं म्हणून. आणि आता तर पोरगं रोज उठून खरा बाप शोधायला लागलं होतं. भले पिक्चरमधल्या माणसाचा का होईना, पण ‘खरा बाप’ हा शब्द कानावर आला की धुळाप्पा उठून मेंढरांकडं जायचा. याला कळलं तर हा उठून आपल्या माणसांच्या शोधात जाईल आणि आपण दोघं वाटेकडं बघत बसू, ही त्याची धास्ती.

एकदाची दुसऱ्या भागाची तारीख लागली. पिक्चर शुक्रवारी येणार, आणि आदल्या सोमवारी कुमार मोबाइल, स्टँड घेऊन वाड्याशी, म्हणजे मेंढरांच्या कुंपणाशी हजर. पहिल्या भागात एक प्रसंग होता. म्हातारा मेंढका मेलेल्या कोकराचं कातडं दुसऱ्या कोकराच्या अंगावर बांधतो. बघणाऱ्यांनी त्याचे भलतेच अर्थ लावले होते. कुणी म्हणे करणी, कुणी म्हणे शाप. कुमारनं हे लहानपणापासनं घरात पाहिलेलं. त्याला ते सगळ्यांना दाखवायचं होतं, आणि योग बघा, नेमकं त्याच पहाटे एका मेंढीचं कोकरू मेलं होतं आणि दुसरं एक बिनआईचं कोकरू दोन दिवस बाटलीवर होतं.

"आप्पा, बोला. लाजू नका."

"काय बोलू?"

"जे करताय ते सांगा."

धुळाप्पा कातड्याच्या गाठी मारत बोलायला लागला. "ह्या मेंढीचं कोकरू मेलंय. ह्या कोकराची आई मेलीय. मेल्याल्याचं कातडं ह्याच्या अंगावर चढवायचं. मेंढी वास घेती. आपलंच हाय म्हणून पाजती."

"किती दिवस ठेवायचं?"

"दोन-चार दिस. तवर तिचं दूध ह्याच्या पोटात जातंय, तिचाच वास ह्याला लागतोय. मग काडून टाकायचं."

"मग मेंढीला कळत नाही?"

"कळून काय करती? पान्हा फुटल्याला असतोय."

"आणि कोकराला? कोकराला कळतं का, आप्पा?"

धुळाप्पाचा हात थांबला. इतकी वर्षं मेंढरं राखली, पण हा सवाल त्याला कुणी केला नव्हता. त्यानं स्वतःलाही कधी केला नव्हता. "कोकराला कोन इचारतंय," तो पुटपुटला आणि गाठ आवळली.

कुमारनं मोबाइल स्वतःकडं फिरवला. कॅमेऱ्यापुढं त्याची भाषा बदलायची. "बघितलंत मित्रांनो? कंबळ्या हे दुसऱ्याचं कोकरू आहे. म्हाताऱ्यानं आपल्या मेलेल्या पोराचं कातडं त्याच्यावर चढवलं आणि मरेपर्यंत त्याला सांगितलं नाही. कंबळ्याचा खरा बाप त्यानं कंबळ्यापासून लपवला. म्हणजे शत्रू तो मोठा साहेब नाही. चोर आहे तो हा म्हातारा!"

"चोर न्हाय त्यो!"

धुळाप्पा असा ओरडला की मेंढरं कुंपणाला जाऊन भिडली. कुमार दचकला, आणि दुसऱ्याच क्षणाला त्याचे डोळे चमकले. त्यानं मोबाइल बापाकडं वळवला. "मग कोण, आप्पा? सांगा, तुमची थिअरी सांगा!"

आता माघार कशी घ्यायची? धुळाप्पा खाली बघत बोलायला लागला. "त्या म्हाताऱ्याचं पोर गेलं व्हतं. आठ दिसाचं व्हतं. नाव सुदिक ठेवलं नव्हतं. थंडीचे दिस, मेंढरं दुसऱ्याच्या रानात बसवल्याली. बायकूच्या अंगावर दूध दाटल्यालं आन ती घोंगड्यावर निपचित पडल्याली. शेजारच्या रानात ऊसतोडीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्या व्हत्या. त्याच दिशी तिथं एक बाई बाळत झाली आन गेली. तिचा नवरा आदीच गेल्याला. म्हातारी सासू तेवडी सोबत. ती पोर घिऊन आली आन म्हनली, बाई, तुझ्या अंगावर दूध हाय, ह्याला पाज."

"भारी!" कुमार हळूच म्हणाला.

"पाजलं तिनं. आपल्याच पोराचं आंगडं त्याला घातलं. सकाळी उठून बघतुय तर कोप्या मोडल्याल्या. टोळी गेल्याली, म्हातारी गेल्याली. पोर पदरात तसंच. आता चोरी कुनाची म्हनायची रं ही? सांग की!"

"आप्पा, अंगावर काटा आला बघा. हे कुणालाच सुचलं नाही. थांबू नका."

"मग त्यानं पुना त्या वाटंला मेंढरं घातली न्हाईत. म्हातारी माघारी मागायला आली तर काय करायचं, ह्या भ्यानं. कुठल्याबी कारखान्याचा भोंगा झाला की बायकू पोराला पदराखाली घ्यायची. ढोकीच्या कारखान्याचं नाव निघालं तरी तिला दरदरून घाम फुटायचा."

कुमारच्या तोंडावर अजून हसू होतं. "पिक्चरमध्ये ढोकी कुठं आली, आप्पा?"

धुळाप्पानं कोकरू मेंढीपुढं सोडलं. मेंढीनं नव्या कोकराला हुंगलं आणि ते शेपटी हलवत प्यायला लागलं. कुमार बापाच्या तोंडाकडं बघत राहिला. मग त्यानं मोबाइल बंद केला, स्टँड मिटला, गाडीला किक मारली आणि निघून गेला.

बानूबाईला कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती. "कुनाला इचारून सांगितलं?" एवढंच ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी करपून काळी झाली तरी तिनं उलटली नाही. त्या रात्री कुमार आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कल्याणप्पाकडं चौकशी केली तर तो म्हणाला, "पोरगं दुकानातच निजतंय. व्हिडिओबी टाकला न्हाय. लोकं फोनवर फोन करायल्यात, त्यो उचलंना. काय, बाचाबाची झाली का?" धुळाप्पा दुकानापर्यंत गेला. शटर अर्धं खाली होतं, आत उजेड होता. हाक मारायचा धीर झाला नाही. परत येताना या म्हाताऱ्याला भर रस्त्यात रडू फुटलं आणि लोक बघतात म्हणून त्यानं ते पटक्याच्या शेवानं पुसलं.

शुक्रवारी सकाळी दारात जीप वाजली. कुणाची तरी मागून आणलेली. कुमारचे डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. "आये, आप्पा, बसा. ढोकीला जायचंय."

"कशाला रं?" बानूबाई दारातच थबकली.

"बस तर."

धुळाप्पा ओळखून चुकला. हा आपल्या माणसांचा माग काढायला निघालाय, आणि जागा दाखवायला आपल्याला नेतोय. तरी तो जीपमध्ये चढून बसला. नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? धाराशिवमध्ये थेटरापुढं कंबळ्याचं भलंमोठं पोस्टर होतं, पोरं ढोल वाजवत होती, गुलाल उधळत होती. कुमारनं मान वळवली नाही. दुसऱ्या भागात कंबळ्याचा बाप कोण निघाला, ते मी सांगणार नाही. कुमारनंही तो भाग अजून पाहिलेला नाही.

ढोकी मागं टाकून जीप उसाच्या शिवारात उभी राहिली. धुळाप्पा खाली उतरला आणि घाईघाईनं हात करून सांगायला लागला. "कोप्या तिकडं व्हत्या, त्या हिरीच्या अंगाला. टोळी बालाघाटाकडची म्हनत व्हते. म्हातारीचं नाव काय म्या इचारलं न्हाय बाबा, खरंच सांगतो. पर कारखान्यावर जुन्या मानसाला..."

"त्ये म्या इचारलं न्हाय," कुमार म्हणाला. "ज्याचं आंगडं मला घातलं, त्यो कुठं हाय?"

धुळाप्पाला आधी कळलंच नाही. बानूबाईला कळलं. ती काही न विचारता चालायला लागली. इतक्या वर्षांत इकडं पाऊल टाकलं नव्हतं, पण पाट ओलांडून, दोन बांध सोडून, चिंचेच्या बुडापाशी ती बरोबर जाऊन उभी राहिली आणि मटकन खाली बसली.

"हितं," ती म्हणाली. मग जमिनीवर हात फिरवत राहिली. "तुला घेतलं आन मला रडायला गावलंच न्हाय बघ. रडले असते तर लोकं म्हनली असती, लेकरू मांडीवर असून रडतीस कशाला? ह्याच्यासाठी कुनीच रडलं न्हाय रं."

कुमार तिच्या शेजारी बसला. "मग रड की आता," तो म्हणाला.

आणि बानूबाईनं हंबरडा फोडला. पोर कैक वर्षांमागं नाही, आत्ता मांडीवर मेल्यासारखा. धुळाप्पा बाजूला उभाच होता. कुमारनं त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

उसाला पाणी देणारा एक माणूस आवाज ऐकून खांद्यावर फावडं घेऊन धावत आला. अनोळखी तीन माणसं, बाई ऊर बडवतेय. तो घाबरून कुमारला म्हणाला, "काय झालं, पाव्हणं? कोन गेलं?"

"भाऊ," कुमार म्हणाला. "माझा थोरला भाऊ."

त्या माणसानं डोक्याचा टॉवेल काढला, फावडं बाजूला ठेवलं आणि तोही त्यांच्यासोबत खाली बसला.