अण्णांच्या ओट्याचं ड्रॉइंग

संगमनेरच्या ऑफिसात बसून मी अमेरिकेतल्या एका जुन्या गल्लीची ड्रॉइंग्ज करते. तिकडून फोटो आणि मापं येतात, मी दुकानांचे दर्शनी भाग काढते. एकदा एक कललेली चौकट मी सरळ करून पाठवली. म्हटलं, बरी दिसेल. लगेच परत आली. जुनं जपायचंय, वाकडं असेल ते वाकडंच काढा. तिथे म्हणे दाराचा रंग बदलायलाही समितीची परवानगी लागते.

हे घरी सांगितलं तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, मशीन थांबवून हसले. “लईच रिकामटेकडे हायेत की!”

अण्णा शिंपी. गावच्या पेठेत दुकान, पण बसणं कायम ओट्यावर. आत अंधार, आणि सुईत दोरा ओवायला त्यांना बाहेरचाच उजेड लागतो.

पुढे त्याच ओट्यावर रस्तारुंदीची लाल फुली आली. त्यासाठी आमची कुणाची परवानगी लागली नाही. मला राग आला, भयंकर आला. पण उसाचा ट्रॅक्टर शिरला की पेठ तुंबायची हेही खरं. भांडायचं कुणाशी?

“जाऊ दे,” अण्णा म्हणाले. “त्या गोऱ्यांची दुकानं काढतीस, माजं बी काढ की एकदा.”

रविवारी टेप घेऊन गावी गेले, तर अण्णांनी ओटा घासून, भेगा सिमेंटनं बुजवून, खांबाला निळा ऑइलपेंट मारून ठेवलेला.

“अहो अण्णा, उद्या पाडणार आहेत ना!”

“म्हनून काय तसाच दाखवायचा व्हय?”

ओल्या रंगानं माझी ओढणी खराब झाली. बुजवलेल्या भेगांसकट मी सगळं काढलं.

ओटा गेला. मशीन आत आलं, डोक्यावर ट्यूबलाइट आली. दोरा आता आई ओवून देते. ती ओवत असते तेवढा वेळ अण्णा दुसरीकडे बघतात.

ड्रॉइंग फ्रेम करून नेलं. अण्णांनी चष्मा पुसला, या कडेपासून त्या कडेपर्यंत बोट फिरवलं. “झकास! खांब बी कलताच काढलास.” मग बोट ओट्यावर थांबलं. “पन मी कुटं हाय?”

“यात माणसं काढत नाहीत, अण्णा.”

“आसं व्हय.” त्यांनी फ्रेम माझ्या हातात परत दिली. “तुज्या हापिसात लाव. हितं मी हाय न्हवं.”

मग मशीनवर बसले आणि दोरा ओवायला आईला हाक मारली.